तोंडावरचा हात

तैपेई, ११ ऑक्टोबर २००४

छ्यूयेन,

तुमचं विमान सुटलं असेल. मी केंद्रात तुझ्या थोंगथोंगची टिपणं पुन्हा काढून बसले आहे. दुपारी बोलायला वेळ पुरला नाही, म्हणून लिहिते. उत्तरादाखल फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, मी समजूत घालते, आणि कामाचं राहून जातं. आपण मावसबहिणी आहोत हे कागदावर थोडं बाजूला ठेवता येतं.

स्पष्ट सांगते. शस्त्रक्रियेला दीड वर्ष झालं. कानाच्या आत बसवलेलं यंत्र उत्तम चाललं आहे, बाहेरची चकती डोक्याला नीट चिकटते. सकाळचे सहा आवाज, आ, ई, ऊ, म, श, स, ती दाराआडूनही ओळखते. म्हणजे कान मिळाला आहे. पण त्या कानातून भाषा यायला हवी होती तेवढी आलेली नाही. तिच्या आगेमागे यंत्र बसवलेली मुलं आता तीन-तीन शब्द जोडतात. ही एकेक शब्द बोलते, तोही ओढून काढावा लागतो.

मे महिन्यात समिती बसेल. सप्टेंबरपासून थोंगथोंग तुमच्या मागोंगच्या साध्या बालवाडीत जाईल की मुख्य बेटावरच्या निवासी शाळेत, ते तेव्हा ठरेल. ती शाळा वाईट नाही. तिथली मुलं हातांनी बोलतात आणि आपल्यापेक्षा जास्त हसतात. पण थोंगथोंग तेव्हा पाच वर्षांची असेल, आणि तिच्या-तुमच्यामध्ये समुद्र असेल.

माझ्या मते अडचण अशी आहे. तू तिच्याशी शाळेची भाषा बोलतेस, मावशी घरची बोली. आपण दोन्हींत वाढलो, आपल्याला काही झालं नाही. पण या यंत्रातून आवाजाचा चढउतार फार पुसट पोचतो, आणि आपल्या दोन्ही भाषांत अर्थ त्या चढउतारावरच ठरतो. एका भाषेचे चढउतार पकडतानाच तिची दमछाक होते. म्हणून आजपासून घरात एकच भाषा, शाळेची. बोली थोंगथोंगच्या कानावर पडता कामा नये. मावशीला हे तू सांग. मी सांगितलं तर तिच्या जिवाला लागेल.

तुझ्यासाठी: तू हात तोंडासमोर धरायचा कंटाळा करतेस. ओठ दिसले की ती ओठ वाचते, कान वापरत नाही. तिच्या उजव्या बाजूला, यंत्राच्या बाजूला बैस, तोंडासमोर हात धर, आधी ऐकव, मग वस्तू दाखव. हात वर गेला की तिला कळलं पाहिजे, आता कान.

बीश्या


मागोंग, २४ ऑक्टोबर

बीश्याताई,

आमच्याकडे वारा सुरू झाला. आता मार्चपर्यंत भातातही वाळू. काल वाळत घातलेली चादर उडून देवळाच्या छपरावर गेली. समुद्रदेवीला यंदा शाल मिळाली म्हणायचं.

आईला सांगितलं. मला वाटलं होतं, भांडेल. बाजारात तिच्याशी घासाघीस करायला कोळीसुद्धा घाबरतात, तुला ठाऊक आहे. ती माकुळ साफ करत बसली होती. मी सगळं सांगितलं, यंत्र, चढउतार, समिती, शाळा. तिने शेवटपर्यंत मान वर केली नाही. मग विचारलं, "बीश्या म्हणाली का असं?"

मी म्हटलं, हो.

"मग बरं."

एवढंच म्हणून हात धुतले आणि आत गेली. तुझ्या केंद्रात येणाऱ्या आज्यांमध्ये इतकी आज्ञाधारक दुसरी नसेल. एखादं प्रमाणपत्र पाठवून दे, देव्हाऱ्याशेजारी लावू.

माझं नेहमीचंच. उजाडायच्या आत मासळीच्या लिलावाला जाते, कचेरीचं काम उरकून परत येईपर्यंत संध्याकाळ होते. मग जेवणापर्यंत थोंगथोंगला घेऊन बसते. तोंडावर हात धरते. इतका धरते की कचेरीतही सवयीने जातो. साहेबांनी विचारलं, दाढ दुखते का? मी नसते तेव्हा टीव्ही लावून ठेवते, म्हणजे दिवसभर घरात शाळेची भाषा असते. बरोबर ना?

क्वोथाईची बोट दक्षिणेला आहे. फेब्रुवारीत, आपल्या नववर्षाला येईल. लेक बाबांशी बोलेल का, असं विचारत होता. मी म्हटलं, तू आधी घरी ये.

छ्यूयेन


तैपेई, २ नोव्हेंबर

छ्यूयेन,

टीव्ही बंद कर. टीव्ही बोलतो, पण तिच्याशी नाही. तिने 'आ' केलं तर तो थांबून बघत नाही. यंत्राच्या कानाला तो नुसता गोंगाट आहे, आणि गोंगाटात राहिलेलं मूल लक्ष देणं सोडून देतं. वाऱ्यातही सांभाळा. वारा यंत्रावर थेट आदळला की तिला दुसरं काही ऐकू येत नाही. बाहेर नेलं तर भिंतीच्या आडोशाला बसवा.

दिवसभर तिच्याशी बोलतं कोण, हे तू लिहिलं नाहीस. तू नसतेस ते तास मोठे आहेत. कोणीतरी शाळेची भाषा बोलणारं बघ.

मावशीने मनाला लावून घेतलं नाही हे वाचून बरं वाटलं. तिला सांग, हे कायमचं नाही. पोरीचा पाया पक्का झाला की पुढे हवं तेवढं बोलावं. मी तिच्याच घरात बोलायला शिकले, हे मी विसरलेले नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमची वेळ धरून ठेवली आहे.

बीश्या


मागोंग, १२ डिसेंबर

बीश्याताई,

आम्ही विमानतळावर अर्धा दिवस बसलो आणि परत आलो. वाऱ्याने एकही विमान उतरलं नाही. तुझी वेळ फुकट गेली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पलीकडच्या लिन बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, दिवसा येऊन बसतात आणि तिला चित्रांच्या गोष्टी वाचून दाखवतात. टीव्ही बंद केला.

सहा आवाज ती रोज बरोबर ओळखते. पण ताई, ती गप्प होत चालली आहे. आधी निदान बडबडायची. अंगणात कोंबड्यांच्या मागे धावताना काहीतरी ओरडायची, अर्थ नसेल त्याला, पण लांबलचक असायचं, वाक्यासारखं. ते बंद झालं. संध्याकाळी मी तिला घेऊन बसते तेव्हा जेवढं विचारावं तेवढंच. 'बॉल.' 'मासा.' दुकानात मोजून माल द्यावा तसं.

आणि दुपारी ती चकती काढून टाकते. परवा तांदळाच्या डब्यात सापडली. आईला विचारलं, कधी काढली हिने? आईने ताटाकडे बोट दाखवलं. जेवल्यावर.

हे नेहमीचंच आहे का? तुझ्याकडे येणारी इतर मुलं करतात का असं?

भोपळ्याच्या शेवया पाठवल्या आहेत. वाळू निवडून खा.

छ्यूयेन


तैपेई, २० डिसेंबर

छ्यूयेन,

नेहमीचं नाही. दीड वर्ष चकती ठेवणारं मूल ती काढायला लागतं तेव्हा कारण असतं. आधी यंत्र तपास: तार वळलेली आहे का, बॅटरीच्या खाचेत खारट ओल आली आहे का. नवी तार सोबत पाठवते, ती लावून सहा आवाज पुन्हा घे.

यंत्रात दोष नसेल तर माझी एक शंका आहे. लिहायला जड जातं, तरी लिहिते. मावशी गुपचूप बोलत असणार. तुझ्यादेखत नियम पाळत असेल, पण तू गेल्यावर तिला राहवत नसेल. मी तिला ओळखते. ती मासे निवडताना माशांशी बोलते. चूल पेटली नाही तर चुलीच्या आईबापांचा उद्धार करते. पोरीला सकाळभर एक भाषा ऐकू येते, संध्याकाळी तू आलीस की दुसरी. गोंधळलेलं मूल आधी बोलणं थांबवतं, मग ऐकणं. चकती काढणं म्हणजे ऐकायचं नाकारणं आहे.

मी अशा कितीतरी आज्या पाहिल्या आहेत. जीव टाकतात आणि मायेपोटी नुकसान करतात. तू तिच्याशी मऊपणे बोलतेस. या वेळी कडक बोल. हवं तर हे पत्र वाचून दाखव. मे महिना फार लांब नाही.

बीश्या


मागोंग, ३ जानेवारी २००५

ताई,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. ते मी करणार नाही.

यंत्रात काही नव्हतं. नवी तार लावली, आवाज सगळे बरोबर.

मागच्या गुरुवारी बोटी बाहेर पडल्या नाहीत, लिलाव झाला नाही, मी दुपारीच घरी आले. घरात आवाज नव्हता. मला वाटलं, दोघी झोपल्या. आत गेले तर दोघी जमिनीवर समोरासमोर बसून शेंगा फोडत होत्या. थोंगथोंग एक शेंग फोडायची आणि दाणे आजीच्या पुढ्यात सरकवायची. आई मान हलवायची. पोरीची चकती डोक्यावर होती. मी दारात उभी राहून बघत होते. टोपली अर्धी झाली. एक शब्द नाही, ताई. शेंगा फुटल्याचा आवाज आणि वारा.

मग थोंगथोंगने हात वर नेला, चकती काढली, दाण्यांत ठेवली आणि शेंगा फोडत राहिली.

आई गुपचूप बोलत नाही. आई बोलतच नाही. तू लिहिलंस, बोली पोरीच्या कानावर पडता कामा नये. तिला दुसरं काही बोलता येत नाही, आणि पोर दिवसभर तिच्याजवळ असते. म्हणून तिने तोंड बंद केलं. ऑक्टोबरपासून. भाजीवालीशी बोटांनी भाव ठरवते. भाजीवालीनेच परवा मला गाठून विचारलं, तुझ्या आईला झटका आला का? शेजारी म्हणतात, क्वोथाईच्या बोटीसाठी मौन धरलंय. मला कळायला हवं होतं. मी घरी येते तेव्हा दमलेली असते, पोरीला घेऊन बसते. आई गप्प आहे याचं मला बरंच वाटायचं. रोजची किटकिट नाही.

लिन बाई दोनदा आल्या. मग खोकला झाला, पुन्हा आल्या नाहीत. तू विचारलंस तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं म्हणून तसं लिहिलं.

त्या रात्री पोर झोपली, यंत्र डबीत ठेवलं. मी आईला म्हटलं, आता तिला तोफ उडाली तरी ऐकू येणार नाही, आता तर बोल. तिने कुजबुजून सांगितलं, "सवय मोडते मग. सकाळी तोंडातून निसटून जाईल." मी भांडले तेव्हा म्हणाली, "पोरीचे कान नवे आहेत. त्यात माझं जुनंपानं कशाला?"

तू शाळेत बोली बोललीस म्हणून तुला गळ्यात पाटी घालून उन्हात उभं केलं होतं. मी जन्मलेही नव्हते, पण ती गोष्ट ऐकतच वाढले. आई माशांची टोपली घेऊन तशीच शाळेत गेली, तुझ्या गळ्यातून पाटी काढली आणि घरी आणून लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली. मास्तर मागायला आले, तर म्हणाली, लोणचं मुरलं की देते.

मास्तरांचं तिने ऐकलं नाही. तुझं ऐकलं.

छ्यूयेन


तैपेई, ९ जानेवारी

छ्यूयेन,

नियम मागे घेते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला दोन मुलं बघायची होती. बघितली. संध्याकाळी लिहायला बसले आणि जमलं नाही. आज जमतंय का बघते.

मी थोंगथोंगच्या कानाचा विचार केला. त्या कानाजवळ दिवसभर कोण असतं, याचा केला नाही. दोन भाषांत अडखळणारं मूल सावरता येतं, ते माझं कामच आहे. ज्या मुलाशी कोणी बोलत नाही त्याला मी दोन महिन्यांतून एकदा भेटून काय देणार? ती चकती काढत होती कारण चकती असली काय नि नसली काय, घरात तेच होतं. तिने बरोबर ओळखलं. चूक माझी झाली. आणि वर मी मावशीवर आळ घेतला.

मावशीला सांग, बोल. तुझ्याच बोलीत. तांदूळ निवडताना, शेंगा फोडताना, चुलीला शिव्या देताना. पोरीच्या उजव्या बाजूला बसून बोल. जे पूर्वी बोलत होतीस ते सगळं.

माझ्या केंद्रात हे सगळ्यांना पटणार नाही. तिथे मी बघून घेईन. मी स्वतः यायला निघाले होते. वाऱ्यामुळे दोनदा विमान रद्द झालं, आणि पुढे आपल्या नववर्षाची गर्दी आहे, तिकिटं नाहीत.

माझं हे पत्र मावशीला वाचून दाखव. आळ घेतल्याचंही.

बीश्या


मागोंग, १६ फेब्रुवारी

ताई,

नववर्षात लिहायला फुरसत झाली नाही. आणि लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

पोर झोपल्यावर तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिचा विश्वास बसला नाही. कुजबुजत मला म्हणाली, "तू काहीतरी रडगाणं लिहिलं असशील. तिचं मन मोडलंस. ती इतकी शिकलेली, ती आधी बोलली तेच खरं." म्हणजे तू नाही म्हणालीस ते तुझं ज्ञान, आणि हो म्हणतेस ती तुझी माया. मी हरले.

क्वोथाई नववर्षाच्या तोंडावर आला. त्याने जीव तोडून समजावलं तेव्हा ती कशीबशी तयार झाली. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी जेवणं झाली, आईने पोरीला पैशांचं लाल पाकीट दिलं आणि इतक्या महिन्यांनी तिच्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं. मोठी हो, शहाणी हो, नेहमीचंच. आवाज गंजल्यासारखा आला. आम्ही सगळे बघत होतो. थोंगथोंग पाकीट टाकून आजीच्या मांडीवर चढली आणि तिने आजीच्या तोंडावर हात ठेवला. ठेवला तो काढेना. आणि मान वळवून दाराकडे बघत बसली, जशी काही आजी तिथे नाहीच.

आई गप्प झाली. क्वोथाई म्हणाला, तिला नको आहे. मग मोठ्याने हसून स्वतःच्या पेल्यात ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी आईला पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा तसंच. हात तोंडावर, मान दाराकडे. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, "बघितलंस ना? पोरीलाच नको आहे. आता कोणी मला सांगायला येऊ नका." चिडली नव्हती. मला वाटतं, तिला बरंच वाटलं असावं, आपण गप्प राहिलो ते वाया गेलं नाही म्हणून.

मलाही आता कळत नाही, ताई. तू सांगतेस, बोला. पोर सांगते, गप्प बसा. कोणाचं ऐकू?

क्वोथाईने निवासी शाळेचा अर्ज आणला. म्हणतो, तिथे निदान तिच्यासारख्यांत राहील, इथे तिघं मिळून तिला छळतोय. त्याने सही करून बोट पकडली. माझी सही राहिली आहे. मार्चअखेरीपर्यंत पाठवायचा आहे. मी पाठवणार आहे. तुला आधी कळवावं म्हणून लिहिते. रागावू नकोस. थकले मी.

छ्यूयेन


तैपेई, २१ फेब्रुवारी

छ्यूयेन,

सही करू नकोस. आधी हे वाच.

तू लिहिलंस, मान वळवून दाराकडे बघत होती. आजीच्या मांडीवर बसून दाराकडे मान वळवली की कोणता कान आजीकडे येतो? तुमच्या जेवणाच्या खोलीत दार कुठे आहे ते मला आठवतं, मावशी कुठल्या भिंतीला टेकून बसते तेही आठवतं. उजवा. यंत्राचा.

तिने आजीकडे पाठ फिरवली नाही. तिने आजीला कान दिला.

आणि हात. हा हात आपण तिला शिकवला आहे. मी तिच्याशेजारी बसते, तोंडासमोर हात धरते, मग बोलते. तू रोज संध्याकाळी तेच करतेस. दोन वर्षं तिने पाहिलं आहे, हात तोंडावर गेला की तिच्यासाठी काहीतरी बोललं जातं. मावशीला हे माहीत नाही. ती कधी केंद्रात आली नाही, तुमच्या सरावाच्या वेळी ती स्वयंपाकघरात असते. मावशी उघड्या तोंडाने बोलली. पोरीने तिला आमची पद्धत शिकवली. हात ठेवला, कान पुढे केला, आणि वाट बघत बसली. तू लिहिलंस, हात काढेना. ती थांबली होती, छ्यूयेन. आणि मावशी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आम्ही तोंडावर हात का धरतो हे मी शेकडो आयांना सांगितलं आहे. एखादं मूल हाच हात दुसऱ्याच्या तोंडावर ठेवेल, असं माझ्या मनात आलं नव्हतं. पाहणाऱ्याला त्याचा उलटाच अर्थ लागणार. तुम्हाला लागला. मी तिथे असते तर कदाचित मलाही लागला असता.

समितीचं मी आज सांगू शकत नाही. मे महिन्यापर्यंत किती भरून निघेल माहीत नाही. कदाचित तिला त्या शाळेत जावंच लागेल. पण जायचं तर आपण तिचं ऐकून जावं, चुकीचं वाचून नको.

पुढचं मावशीसाठी आहे. मी लिहिते शाळेच्या लिपीत, तू बोलीत सांग. माझी बोली आता मोडकी झाली आहे, तुझ्या तोंडून बरी वाटेल.

मावशी, तुझी नात तुला गप्प बस म्हणत नव्हती. तोंडावर हात म्हणजे आमच्याकडे 'बोल, मी ऐकते.' ती तुला दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणेल की नाही, मला सांगता येत नाही. मी तुला बोलू नकोस म्हटलं तेव्हा तू विचारलंस, बीश्या म्हणाली का असं? आता कोणी बोल म्हणालं, तर तेही बीश्याच म्हणते आहे. मला शिव्या घालायच्या असतील तर त्यांनीच सुरुवात कर. पोरीच्या उजव्या बाजूने.

बीश्या


मागोंग, १३ मार्च

बीश्याताई,

वारा पडला. काल पहिल्यांदा खिडक्या उघडल्या.

तुझं पत्र आईने दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा मी थोडं गाळलं तर लगेच म्हणाली, मघाशी दाराचं काहीतरी होतं, ते कुठे गेलं? मग माकुळ साफ करायला बसली. मला वाटलं, पटलं नाही. मग विचारलं, "कोणता कान?" मी सांगितलं. तिने आपला लाकडी पाट उचलला, थोंगथोंगच्या उजव्या अंगाला ठेवला आणि बसली. स्वतःच्या तोंडावर हात धरला. हाताला माकुळाचा वास. पोरीने नाक मुरडलं, आजीचा हात खाली ओढला आणि स्वतःचा ठेवला. मान वळवली.

आणि आई बोलली. मला वाटलं होतं, काहीतरी मायेचं बोलेल. भाजीवालीबद्दल बोलली. पाच महिने बोटांनी भाव ठरवताना तिने किती सडका कोबी गळ्यात मारला, तो सगळा हिशेब. तिच्या नवऱ्याचाही उद्धार झाला. मग तुझा नंबर लागला. तो मी लिहीत नाही. मग कोंबड्या, मग वारा, मग क्वोथाई, मग मी. मी भांडी घासत ऐकत होते. पोरीला काय कळलं असेल, देव जाणे. तिने काही म्हटलं नाही. पण आई श्वास घ्यायला थांबली की तळवा आईच्या तोंडावर थोपटायची.

खोटं लिहिणार नाही. ती अजून एकेकच शब्द बोलते. एक नवा आहे. काल कोंबड्यांच्या मागे धावताना ओरडली, तो बोलीतला आहे आणि तुझ्या समितीपुढे म्हणण्यासारखा नाही. क्वोथाईला बोटीवर कळवलंय, उत्तर आलं नाही. अर्ज कपाटात आहे, सही केलेली नाही. फाडलेलाही नाही. निवासी शाळेचा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि रात्री मी एप्रिल-मेचे आठवडे मोजत पडते. चकती आता दुपारीही डोक्यावर असते, एवढं खरं.

एप्रिलच्या तिकिटांचं बघितलंय. या वेळी आईसुद्धा येणार म्हणते. केंद्रात बसून तू पोरीला काय सांगतेस ते तिला ऐकायचंय. तुला सांभाळून राहावं लागेल.

तिचा घसा पार बसलाय. परवापासून भाजीवालीशी पुन्हा बोटांनीच चाललंय. औषध असेल तर एप्रिलची वाट बघू नकोस, आधीच पाठव. पोर तिला थांबू देत नाही.

छ्यूयेन